वर्ग चाळीस जणांचा, उत्तरं सात जणांची

"कळलं का सगळ्यांना?"

"हो ऽऽऽ!"

राज्यातल्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यातून चालत गेलं की हे दोन उद्गार कानावर पडतात. 'हो' म्हटलं की तास पुढे सरकतो, हे मुलांना पहिलीतच कळलेलं असतं. त्यामुळे चाळीसपैकी पंचवीस जणांना काहीही उमगलेलं नसलं तरी तो होकार तेवढ्याच जोरात येतो. शिक्षकाला त्यातून मिळणारी माहिती जवळजवळ शून्य. तरीही दिवसभरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असावा.

त्याच्या खालोखाल नंबर लागतो "कोण सांगेल?" याचा. हात वर होतात ते ठरलेल्या सहा-सात जणांचे. गुरुजी त्यातल्या एकाला उठवतात, उत्तर बरोबर येतं, फळ्यावर पुढचं उदाहरण पडतं. पाठ रंगल्यासारखा वाटतो. रंगलेला असतोही, पण त्या सहा-सात जणांपुरता. बाकीच्यांच्या नावावर फक्त हजेरी जमा होते. सगळ्या मुलांना शिकण्यात ओढायचं असेल तर प्रोजेक्टर, तक्ते आणि कृतिगीतं यांच्याही आधी प्रश्न विचारण्याची रीत बदलायला हवी. प्रत्येकाचं उत्तर शिक्षकाला दिसलं पाहिजे आणि चुकणाऱ्याचं हसं होता कामा नये, या दोन अटी पाळल्या की निम्मं काम होतं.

सुरुवात मोजण्यापासून करावी. हजेरीपटाची एक प्रत सहकारी शिक्षकाच्या हातात द्यावी आणि त्याला मागे बसवावं. तासात जे मूल विषयाला धरून एक वाक्य बोलेल त्याच्या नावापुढे त्यानं एक टिंब द्यायचं. दुसरा शिक्षक मोकळा नसेल तर फोनवर तासाचा आवाज टिपून घरी ऐकला तरी चालतो. आठवड्याची टिंबं एकत्र केली की नेहमीचं चित्र दिसतं: काही नावांपुढे टिंबांची रांग, बऱ्याच नावांपुढे कोरी जागा. अमेरिकेतले रेमंड अॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी वर्गांचं चित्रीकरण करून १९७० साली दाखवून दिलं होतं, की बोलणं मुख्यतः पुढच्या रांगेशी आणि मधल्या पट्ट्याशी होतं. शिक्षक फळ्याजवळ उभा राहतो आणि त्याची नजर आपोआप तिथेच जाते. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतली मुलं अबोल असतात त्यात त्यांच्या स्वभावाचा वाटा किती आणि जागेचा किती, हे त्यांची जागा बदलल्याशिवाय कळत नाही. दर सोमवारी रांगा एकेक जागा पुढे सरकवायला काही खर्च येत नाही. मुलांपेक्षा शिक्षकानं हिंडावं हे आणखी सोपं. प्रश्न मागच्या भिंतीशी उभं राहून विचारला की वर्गाची पुढची आणि मागची बाजू अदलाबदल होते.

आता उत्तरं दिसण्याबद्दल. त्यासाठी लागणारं साधन आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, ते म्हणजे पाटी. गंमत अशी, की आपल्या शाळांतून पाटी माळ्यावर गेली आणि ब्रिटनमधल्या शाळा छोटे पांढरे फळे विकत घेऊन तेच करू लागल्या. डिलन विल्यम आणि पॉल ब्लॅक या शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली शेकडो अभ्यासांचा धांडोळा घेऊन मांडलं होतं, की मुलांना काय कळलंय हे शिकवता शिकवताच तपासत गेलं आणि त्याप्रमाणे पुढचा पाठ बदलला, तर शिकणं लक्षणीय सुधारतं. पाटी हे त्या तपासणीचं सर्वांत स्वस्त हत्यार.

चौथीचा अपूर्णांकाचा तास घेऊ. फळ्यावर लिहिलंय: १/३ मोठा की १/४? मुलांनी पाटीवर मोठ्या अक्षरात एकच अपूर्णांक लिहायचा, पाटी छातीशी उलटी धरायची आणि बाईंनी "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम फिरवायची. हे 'एकदम' महत्त्वाचं. नाहीतर शेजारच्याचं पाहून खोडाखोड सुरू होते. पाट्या फिरल्या की अनेकांवर १/४ दिसतो. कारण उघड आहे, तीनपेक्षा चार मोठा. हात वर करणाऱ्या हुशार मुलीला विचारलं असतं तर ही गफलत कधीच बाहेर आली नसती.

इथे घाई करून "चूक" म्हणू नये. एक १/३ची आणि एक १/४ची पाटी घेऊन, नावं न घेता फळ्याच्या कठड्यावर ठेवावी आणि विचारावं, "असं लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?" चूक कुणा एकाची राहत नाही, वर्गापुढचं कोडं होते. मग रद्दी वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या प्रत्येक जोडीला द्याव्या. एका पट्टीचे घडी घालून तीन भाग, दुसरीचे चार. गोल भाकरीचं चित्र पुस्तकात छान दिसतं, पण गोल कागदाला तीन सारख्या घड्या घालणं मोठ्यांनाही जमत नाही, पट्टीच बरी. दोन्हींतला एकेक भाग शेजारी ठेवला की पोरं स्वतःच म्हणतात, "अरे, जास्त वाटे पडले तर वाटा लहान होतो." त्यानंतर पुन्हा पाटी: १/५ मोठा की १/८? आता पाट्यांवर काय येतं ते बघून पुढे जायचं की थांबायचं हे ठरवता येतं.

प्रश्न विचारल्यानंतर थांबणं ही दुसरी गोष्ट, आणि बहुतेक शिक्षकांना तीच सर्वांत अवघड जाते. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा आढळलं, की प्रश्न आणि शिक्षकाचं पुढचं बोलणं यांत सरासरी एक सेकंदही जात नाही. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण घटतं आणि ज्यांना शिक्षक 'मंद' समजत होते ती मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! पण वर्गात उभ्या असलेल्या माणसाला ती शांतता खायला उठते, आपला ताबा सुटतोय असं वाटतं आणि तोंडातून अर्धं उत्तर निघून जातं. घड्याळ बघत बसू नये. मनातल्या मनात सावकाश तीनदा 'विठ्ठल' म्हणावं. रो यांनी दुसरी एक जागाही दाखवली होती, मुलाच्या उत्तरानंतरची. तिथेही लगेच "शाब्बास" किंवा "बस खाली" न म्हणता तेवढाच वेळ थांबलं, तर मूल आपलं वाक्य पुरं करतं किंवा दुसरं कुणीतरी त्यात भर घालतं.

नाव आणि प्रश्न यांचा क्रमही उलटा लावलेला असतो. "संदेश, सात आठे किती?" असं विचारलं की संदेश सोडून सगळा वर्ग निश्चिंत होतो. "सात आठे किती?" मग थांबणं, आणि त्यानंतर नाव, असा क्रम ठेवला तर प्रत्येकाला मनात पाढा म्हणावा लागतो. नाव कुणाचं घ्यायचं हे नशिबावर सोडावं. आइस्क्रीमच्या काड्यांवर मुलांची नावं लिहून त्या डब्यात ठेवायच्या, प्रश्नानंतर एक काडी काढायची. काढलेली काडी परत डब्यातच टाकायची, हे विसरू नये. बाजूला ठेवली तर "माझं झालं" म्हणून ते मूल सुटतं. बीबीसीनं २०१० साली दाखवलेल्या एका मालिकेत विल्यम यांनी एका शाळेत हात वर करणं बंद करून अशा काड्या वापरल्या होत्या. तिथे कुरकुर केली ती नेहमी हात वर करणाऱ्यांनी. आपल्याकडेही तेच होईल, आणि पालकसभेत त्यांचेच आईवडील पहिले बोलतील. त्याची तयारी ठेवावी.

काडी शिक्षेसारखी वापरली तर मात्र सगळं बिघडतं. "माहीत नाही" म्हणणाऱ्याला उभं ठेवू नये. "बरं, दोघांचं ऐक, मग तुझ्याकडे येते," म्हणावं आणि खरोखर यावं. त्यानं ऐकलेलंच स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरी तो तासात आला. घाबरणाऱ्या मुलांसाठी आधी जोडीत बोलण्याची सोय आहे. मेरीलँडमधले फ्रँक लायमन यांनी १९८१ साली ही रीत मांडली: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. पहिली पायरी गाळली जाते आणि तिथेच फसगत होते. "शेजाऱ्याशी बोला" म्हटल्याबरोबर चटपटीत मूल सांगून मोकळं होतं आणि दुसरं मान हलवतं. म्हणून अर्धं मिनिट पूर्ण शांतता, पाटीवर दोन शब्द, आणि मगच बोलणं. वर्गाला सांगताना शेजाऱ्याचं मत सांगायचं, असा नियम केला तर ऐकणंही होतं. शिवाय स्वतःचं चुकण्याची भीती राहत नाही.

गटकार्याबद्दल शिक्षक वैतागलेले असतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पाच जणांच्या गटात एक लिहितो, एक हुकूम सोडतो, उरलेले तिघं कंपासपेटीशी खेळतात. ज्या गटात एकाशिवाय दुसऱ्याचं काम अडत नाही, त्या गटात काम होत नाही. या अडचणीवर एक चांगला तोडगा टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात निघाला. १९७१ साली तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीचं समजून घ्यायचं तर एरवी ज्याच्याशी बोलत नाही त्याचंच ऐकावं लागे.

चौथीच्या इतिहासात किल्ल्यांचा पाठ असा घेता येतो. चौघांचा गट करायचा. एकाला जलदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग. दुसऱ्याला डोंगरी किल्ला, राजगड. तिसऱ्याला भुईकोट, नगरचा. चौथ्याला वनदुर्ग, कोयनेच्या जंगलातला वासोटा. प्रत्येकाकडे आठ-दहा ओळींची चिठ्ठी. आधी सगळे सिंधुदुर्गवाले एकत्र, राजगडवाले एकत्र बसतात, चिठ्ठी वाचतात, अडलेलं एकमेकांना विचारतात. मग आपापल्या गटात परत जाऊन सांगतात. मधला टप्पा गाळायचा नाही, कारण वाचनात मागे असलेल्या मुलाची तयारी तिथेच होते. ते गटात परततं तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. शेवटी प्रश्न चारही किल्ल्यांवर, ज्याचं त्यानं उत्तर लिहायचं: शत्रूनं वेढा घातला तर कोणत्या किल्ल्यात पाण्याचा प्रश्न आधी येईल? पहिल्या वेळी गोंगाट होतो, वेळ पुरत नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलांना सवय होते.

पण ज्या मुलाला ती चिठ्ठीच वाचता येत नाही, त्याचं काय? ही सगळ्यांत मोठी अडचण आहे आणि पाटी-काडीच्या युक्त्या तिच्यापुढे अपुऱ्या पडतात. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे पाचवीचं पुस्तक उघडलं की निम्म्याहून अधिक वर्ग त्या पानाच्या बाहेर असतो.

यावरचं काम मुंबईत सुरू झालं, हे विशेष. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या वस्त्यांमधून उभी राहिली. तिच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन अक्षर-अंकांपासून शिकवायची. मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाची तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली; मुलं खरोखर पुढे सरकल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. २०१९च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे असल्या प्रयोगांचाच हात होता.

शाळेत हे करायचं तर प्रत्येक मुलाला जवळ घेऊन दोन मिनिटं वाचायला द्यावं: अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा, छोटी गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. मग तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास इयत्तेऐवजी या गटांत बसतील. पुढे हरयाणात सरकारी शिक्षकांनीच हे केलं तेव्हा यश आलं, कारण त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास राखला होता. 'जमेल तसं करा' म्हणून सोडलं की जमत नाही. गट कायमचेही नकोत. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यावं, मूल पुढे गेलं की त्याच दिवशी गट बदलावा. आणि गटांना 'अ, ब, क' अशी नावं देऊ नयेत. आंबा, चिंच म्हटलं तरी कुठला 'ढ' गट ते पोरं दुपारपर्यंत ओळखतात. त्यावर उपाय नावात नाही, एक तास संपला की सगळे पुन्हा एकत्र बसण्यात आहे.

मूल गप्प असण्याचं आणखी एक कारण घरच्या बोलीत असतं. नंदुरबारमध्ये भिलोरी-पावरी, मेळघाटात कोरकू, पालघरमध्ये वारली बोलणारी मुलं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हे फार आधी ओळखलं होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आजच्या वर्गात निदान एवढं करता येतं: उत्तर बोलीत आलं तर ते स्वीकारायचं, फळ्यावर बोलीतला आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहायचा, आणि चौथीतल्या एखाद्या मुलीला पहिलीच्या वर्गात रोज वीस मिनिटं दुभाषी म्हणून बसवायचं. शिक्षकानं पन्नासेक शब्द शिकून घेतले तर पोरं त्याच्या उच्चारांना हसतात, आणि हसता हसता बोलू लागतात.

बीड, नगरकडच्या शाळांत प्रश्न वेगळा. आईबाप ऊसतोडीला कोयत्यावर जातात, दिवाळीनंतर वर्गातली बाकं रिकामी होतात ती पाडव्याच्या सुमाराला भरतात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावात राहतात, सगळी नाही. जाताना मुलासोबत एक कार्ड द्यावं: काय वाचता येतं, कोणत्या क्रिया येतात, कोणत्या पानापर्यंत झालं. फडाजवळच्या शाळेत ते उपयोगी पडतं. परत आल्यावर आधी ते दोन मिनिटांचं वाचन, आणि मगच जागा ठरवावी. इतके महिने कुठे होतास, हा प्रश्न पूर्ण वर्गासमोर विचारू नये. त्याऐवजी गाडीत किती टन ऊस मावतो आणि टनाला काय भाव मिळाला, यावर गणिताचा तास घेतला तर त्या दिवशी वर्गाला शिकवणारा तोच असतो.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा दहा-बारा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादामुळे गाजल्या. गावोगावचे शिक्षक त्या पाहायला गेले. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे-काड्या घेऊन बसलेली मुलं, त्यांच्यात खाली बसलेल्या बाई. परतल्यावर अनेकांनी आधी फरशी रंगवून घेतली, कारण ती फोटोत दिसते. तिथलं खरं काम बाईंच्या खाली बसण्यात होतं. खाली बसल्यावर मूल खडे कसे मोजतंय, तीनावर थांबतंय की पुन्हा एकपासून सुरू करतंय, हे दिसतं.

ऐकू कमी येणाऱ्या, दिसायला अडचण असलेल्या मुलांसाठी दोन सवयी लगेच लावून घ्याव्या: फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि जे लिहितो ते मोठ्यानं वाचत लिहावं. त्याचा फायदा बाकीच्या वर्गालाही होतो.

हे सगळं ऐकल्यावर शिक्षण परिषदेत हमखास येणारा सवाल म्हणजे, "अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?" सवाल रास्त आहे. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेले तास मोजकेच. द्विशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळायच्या. पण त्या उरलेल्या तासांत काय चालतं हेही पाहावं. फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घेण्यात पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. वह्या भरतात, तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवता येतात, पण उतरवताना मूल विचार करत नाही. तो वेळ कापावा. प्रश्नोत्तरं हवीतच तर पाचपैकी दोन लिहून घ्यावी, उरलेली तोंडी. वाचलेल्या वेळात दोनदा पाटी, एकदा जोडीचं बोलणं आणि शेवटची तीन मिनिटं चिठ्ठीसाठी: पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर आजचा एकच प्रश्न, नाव लिहून उत्तर, आणि दारात बाईंच्या हातात. चाळीस चिठ्ठ्यांचे तीन ढीग करायला चहाच्या सुट्टीतली सात-आठ मिनिटं लागतात: जमलं, अर्धवट, अजिबात नाही. तिसरा ढीग चार जणांचा असेल तर परिपाठानंतर त्यांना जवळ बोलावता येतं. वीस जणांचा असेल तर उद्या पुढचं पान उघडायचं नाही.